नववीत लिहिलेली रहस्यकथा: दुरुस्त करून छापावी की माळ्यावरच बरी?

मधला_बाक

घर रंगवायला काढलं म्हणून माळा रिकामा केला, त्यात माझ्या दोन लाँगबुक वह्या निघाल्या. नववी-दहावीत असताना, म्हणजे १९९५-९६ ला, लिहिलेली रहस्यकथा आहे, कादंबरीच म्हणा हवं तर. वाईतला वाडा, चार पोरं, आणि २१ सप्टेंबर १९९५ ला अख्खं गाव गणपतीला दूध पाजायला गेलेलं असताना वाड्यातली जुनी पेटी गायब होते. गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली होती, तो प्रकार नुकताच झाला होता म्हणून मी तो घातला, बाकी काही विचार नव्हता.

आता वाचलं तर काही ठिकाणी वही मिटून टाकावीशी वाटते. सगळे चोर घाऱ्या डोळ्यांचे, हिरो दर पानाला "विचारमग्न" होतो, आणि शेवटी विज्ञानाचे सर पृष्ठताणावर, म्हणजे चमच्यातलं दूध मूर्तीकडे कसं ओढलं जातं त्यावर, चार पानं भाषण देतात, मध्ये कोणी त्यांना पाणीसुद्धा विचारत नाही. पण काही पानांवर पुढे काय झालं ते मलाच आठवेना आणि मी उलटत गेलो. बायको म्हणते छाप की, लोक काय काय छापतात. दिवाळी अंकात अधूनमधून कथा येते माझी, म्हणजे अगदीच नवखा नाही, पण नोकरी सांभाळून वर्षभर याच्यात घालवायचं का त्या वेळात नवीन काही लिहायचं? तुम्ही कसं ठरवता?

रिकामटेकडा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ठेवून द्या. आपलं जुनं अक्षर बघून आपल्याला गलबलून येतं, वाचकाला ते छापील अक्षरातच दिसणार ना. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टेनने अकरा-बारा वर्षांची असल्यापासून लिहिलेलं बरंचसं तीन वह्यांत नीट उतरवून ठेवलं होतं, घरच्यांना वाचून दाखवायची, पण हयातीत त्यातलं काही छापलं नाही. विशीत लिहिलेला एक खर्डा मात्र तिने सोडला नाही, १७९७ ला प्रकाशकाने तो न बघताच नाही म्हटलं होतं, पुढे त्यावर काम करून १८१३ ला तीच 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आली. सगळंच जुनं सारखं नसतं एवढंच म्हणायचंय. तुमचं नववीतलं आहे.

कृष्णाकाठची

रिकामटेकडा, तुम्ही फारच घाईने निकाल दिलात बुवा. अहो त्या दिवशी सगळं गाव देवळात होतं हा चोरीसाठी काय भारी दिवस आहे! घरं उघडी, म्हाताऱ्या माणसांपासून सगळे वाटी-चमचा घेऊन रांगेत, आणि साक्षीदार म्हणून कोणाला विचारायला जावं तर प्रत्येकजण म्हणणार मी तर देवळात होतो. पन्नाशीतला लेखक हे मुद्दाम शोधायला बसला तरी सुचणार नाही, तुमच्याकडे फुकट आलंय.

दोन गोष्टी. एक, तो गुरुवार होता आणि पितृपक्ष चालू होता, वाड्यात कोणाचं श्राद्ध असेल तर भटजी, पाहुणे, स्वयंपाकघरातली गडबड हे सगळं तुम्हाला वापरता येईल, आणि पोरं शाळेतून कशी सुटली ते पण सांगावं लागेल. दुसरं, गोष्टीत मुलगी आहे का? असली तर पोहे आणण्यापलीकडे काही करते का? आमच्या वयाच्या मुलांनी लिहिलेल्या सगळ्या साहसकथांत आम्ही फक्त पोहे आणलेत 😄

आणि प्लीज मोबाईल घालून आजची करू नका. देशात मोबाईल त्याच वर्षी सुरू झाला पण वाईत कोणाकडे असणार. बातमी आली ती फोनवरून, मुंबईच्या मावशीने शेजारच्यांच्या लँडलाईनवर सांगायची आणि त्यांनी गॅलरीतून हाक मारायची, अशी. ते सगळं तुमच्या वहीत आपोआप असेल बघा.

लाल_पेन

मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते, म्हणून थोडं कामाचं. वही घेऊन वाक्यं दुरुस्त करत बसू नका, "विचारमग्न" काढून "विचारात पडला" केलं तरी वाक्याचा सांगाडा तोच राहतो आणि दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःचाच कंटाळा येतो. मी नवीन लोकांना हे करायला लावते: एक प्रकरण, शक्यतो चोरीचंच, वही मिटून आज पुन्हा लिहायचं. मग दोन्ही शेजारी ठेवायची. नवीन सगळीकडे सरस असेल तर वहीतून फक्त कल्पना घ्या आणि नवीन पुस्तक म्हणून लिहा, त्याला दुरुस्ती म्हणायचंच नाही. पण जुन्यातल्या काही ओळी नव्यात येतच नसतील, बहुतेक वेळा संवाद असतात, एकमेकांना मारलेले टोमणे, दुपारी कुठे बसायचे, कोणाला घाबरायचे, तर त्या जपून त्यांच्याभोवती बाकीचं बांधा. पंचेचाळिशीत आपण पंधरा वर्षांच्या पोराच्या तोंडी जे घालतो त्यात आपला बाप बोलायला लागतो.

भाषण अर्ध्या पानाच्या वर नको. सर बोलण्यापेक्षा पोरांनीच दुधात रंग घालून ते मूर्तीवरून खाली कुठे ओघळतंय ते बघितलं तर? तेव्हा शास्त्रज्ञांनी असंच करून दाखवलं होतं. आणि त्यातूनच पेटीचा धागा मिळू दे.

वाचायला बायकोला देऊ नका, दिवाळी अंकवाल्या मित्रांना तर नकोच. सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या पोराला द्या आणि कुठल्या पानावर खाली ठेवलं तेवढंच विचारा. अजून एक, सगळी कादंबरी आधी कुठल्या ॲपवर टाकू नका, बरेच प्रकाशक मग ती प्रकाशित झालेली धरतात. पैसे भरा मग छापतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा हे तुम्हाला सांगायला नको.

रिकामटेकडा

दूध पिण्याचा मुद्दा मी नीट वाचलाच नव्हता, तो चांगला आहे हे मान्य. तरी वर्षभर नका घालवू. तीन महिने द्या, नाही जमलं तर त्यातून दिवाळी अंकापुरती एक कथा काढा.

मधला_बाक

सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठची, मुलगी आहे, हिरोची बहीण. पोहे नाही आणत, सरबत आणते 🙈 पण आत्ता वही उघडून बघितलं तर श्राद्धासाठी ती एकटीच घरी थांबलेली आहे आजीबरोबर, आणि मी तिला त्या दिवसाबद्दल एकही प्रश्न विचारू दिलेला नाही. म्हणजे चोराला बघितलेली तीच असणार. लाल_पेन, चोरीचं प्रकरण तिच्या बाजूने लिहिलं तर चालेल का तुमच्या त्या प्रयोगाला, की आधी जसंच्या तसं लिहू?

लाल_पेन

तिच्याच बाजूने लिहा. आजी काय करत होती तेही येऊ द्या.