अनुभव धागा: जुनी स्पोर्ट्स कार घेताना रनिंग आणि मेंटेनन्स कसा पारखलात?

धागाकर्ता, कोपरी: भाच्याच्या डोक्यात स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ बसली आहे. २०२० साली भारतात २०० च आल्या, त्यामुळे मालक भाव सोडत नाही आणि मीटरवरच्या कमी रनिंगचं कौतुक थांबत नाही. ठाणे-नवी मुंबईत अशी गाडी घेतलेल्यांनी ॲव्हरेज आणि खर्चासकट अनुभव लिहा.

घोडबंदरकर: मीटर खरा असला तरी फसगत होते. मी एक टर्बो सेदान बघितली, रनिंग ३२ हजार. मेकॅनिकने गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, तर इंजिन चाललेले तास निघाले सोळाशे. भागाकार करा, ताशी २० चा वेग! म्हणजे या गाडीबाईंचं आयुष्य घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते गायमुख रांगेत गेलेलं. तेच ३२ हजार एक्सप्रेसवेवर ६० च्या सरासरीने झाले असते, तर साडेपाचशेच्या आसपास तास भरले असते. इंजिन, क्लच, कूलिंग फॅन यांची झीज तासांवर होते, आणि ऑइल मात्र मालकाने किलोमीटर बघून बदललेलं. मी भाव पाडून मागितला, त्याने दिली नाही, विषय संपला. सगळ्याच गाड्यांत स्कॅनर तास दाखवत नाही, पण दाखवत असेल तर हा आकडा आधी बघा.

पामबीचवाला: टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. गाडी २०२० ची, रनिंग म्हणे १५ हजार, आणि टायर २०२२ चे? मग पहिले १५ हजारांतच संपले कसे, ते विचारा. ब्रेक डिस्कच्या कडेवर बोट फिरवा, उंच काठ लागला तर डिस्क खाल्लेली आहे. अठरा इंची चार टायर साठ हजारांच्या वर सहज जातात, ते आधीच किमतीतून वजा करा.

खारघरची सूनबाई: आमच्या ह्यांना 'जवळजवळ न चाललेली' गाडी मिळत होती. बेसमेंटमध्ये उभी, वर कव्हर, आत नव्याकोऱ्या गाडीसारखी. मी मागचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची पिवळट रेघ! सीटखालच्या रुळांना गंज. पावसाळ्यात बेसमेंट भरलं होतं, हे मग वॉचमनकडून कळलं. आणि पाणी शिरलं नसतं तरी उभ्या गाडीची बॅटरी, रबरी बुश, टायर वयाने जातातच. ब्रेक ऑइल तर न चालवताही दोन वर्षांनी बदलायचं असतं.

नौपाडा_७७: ॲव्हरेज विचारणाऱ्याने स्विफ्ट घ्यावी. 😄

ऐरोलीकर: का बरं, विचारू दे की! शहरात ८ चं ॲव्हरेज धरा, वर्षाला ८ हजार रनिंग, म्हणजे हजार लिटर. पेट्रोल शंभरीच्या वर, म्हणजे लाखभर तिथेच गेले. ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली-वाशीचा टोल छोट्या गाड्यांना माफ आहे, तेवढाच दिलासा. सहा गिअरचा ओल्या (तेलात बुडालेल्या) क्लचचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर ६० हजार किलोमीटरला गिअरबॉक्स ऑइल बदललंय का, बिल मागा. ५५ हजार चाललेली गाडी घेतलीत तर ते बिल तुमच्या नावावर.

वाशीचा एजंट (आता निवृत्त): चालू इन्शुरन्सवर एनसीबी (नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट) किती टक्के आहे बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० असायला हवा. एकाच मालकाकडे असून शून्य दिसला तर बहुतेक क्लेम झालाय. सर्व्हिसची बिलं तारखेने लावा, प्रत्येकावर रीडिंग असतं. मधेच आकडा मागे गेला तर हात जोडून निघा.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. शनिवारी उलव्यात गाडी बघायला जातोय. स्कॅनर घेऊन कोणी येईल का?

घोडबंदरकर: मी येतो. मालकाला एवढंच सांगा, आम्ही पोचण्याआधी गाडी सुरू करून गरम करू नका. थंड इंजिनचा पहिला आवाज ऐकायचाय.