एकसारख्या दिसणाऱ्या पतंगांच्या जाती कशा ठरवाव्यात? पंखावरील पट्टा एक सांगतो, डीएनए बारकोड दुसरेच

प्रश्न

मी लहान आकाराच्या पतंगांच्या एका गटाचा अभ्यास करीत असून माझ्याकडे ६४ सुकवलेले नमुने आहेत. त्यांपैकी ४१ नमुन्यांच्या पुढील पंखांवर गडद आडवा पट्टा स्पष्ट दिसतो, उरलेल्या २३ नमुन्यांवर तो नाही, आणि एवढ्याच फरकावरून मी त्यांच्या दोन प्रजाती मानल्या होत्या. खात्री करून घेण्यासाठी १२ नमुन्यांचा डीएनए बारकोड (जाती ओळखण्यासाठी वाचला जाणारा डीएनएचा ठरावीक लहान तुकडा) काढला, तेव्हा त्यांचेही दोन गट पडले व त्या गटांत सुमारे ३ टक्के अंतर आढळले. परंतु हे गट माझ्या वर्गवारीशी जुळत नाहीत. पट्टा असलेले आणि नसलेले पतंग दोन्हींत मिसळलेले आहेत. मी कशावर विश्वास ठेवावा? आणि निर्णय होईपर्यंत नमुन्यांच्या चिठ्ठीवर कोणते नाव लिहावे?

पहिले उत्तर

तूर्त दोहोंपैकी कशावरही नको. पंखांचा रंग आणि पट्टे ऋतुमानानुसार, कोषावस्थेतील तापमानानुसार, इतकेच नव्हे तर एकाच मादीच्या पिलावळीतही बदलू शकतात. त्यामुळे पट्टा हा केवळ शंका उपस्थित करण्यापुरता पुरावा आहे. कीटकांमध्ये जवळच्या जाती ओळखण्याचा जुना आणि आजही भरवशाचा मार्ग म्हणजे जननांगांची तपासणी. ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर या फळमाशीत बराच काळ मिसळून गेलेली ड्रोसोफिला सिम्युलन्स ही जाती आनुवंशशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांनी १९१९ मध्ये वेगळी केली. दोघींच्या माद्या आजही सहज ओळखता येत नाहीत, मात्र नराच्या जननांगावरील एका लहानशा उंचवट्याचा आकार पाहिला की संशय उरत नाही.

तुमच्या पतंगांचे उदर हलकेच विलग करून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवावे, मऊ पडलेले स्नायू आणि खवले बारीक कुंचल्याने काढावेत आणि उरलेला कठीण भाग ग्लिसरीनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. तपासणीसाठी पट्टा आणि बारकोड यांच्या चारही जोड्यांतील नर निवडा, नाहीतर पाहणारा नकळत आपल्याला हवा तोच फरक शोधू लागतो. उदर टाकून देऊ नका. ते लहान नळीत ठेवून त्या नळीला मूळ नमुन्याचाच क्रमांक द्या.

दुसरे उत्तर

वरील सूचना योग्य आहे, पण जननांगांत फरक न दिसल्यास जाती एकच आहे असा निष्कर्ष काढू नये. हिवतापाचा प्रसार करणारा अ‍ॅनोफिलिस गॅम्बिये हा डास एकेकाळी एकच जाती समजला जात असे. त्याच्या निरनिराळ्या समूहांचा संकर केला असता काही जोड्यांपासून झालेले नर वंध्य निघाले आणि त्या एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या असल्याचे स्पष्ट झाले. प्रौढ डासांच्या बाह्यरूपावरून त्यांतील काही जाती आजही सांगता येत नाहीत, आणि हा प्रश्न केवळ नावापुरता नाही, कारण त्यांतील काही जाती प्रामुख्याने माणसाला चावतात, तर काही मुख्यतः जनावरांना.

आता बारकोडविषयी. हा मायटोकॉन्ड्रियातील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकातील) एका जनुकाचा सुमारे ६५० बेस-जोड्यांचा तुकडा असतो आणि तो केवळ आईकडून येतो. पूर्वी कधी दोन जातींत संकर झाला असेल, तर एका जातीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरून टिकून राहू शकतो. शिवाय कीटकांच्या शरीरात राहणारा वोल्बाकिया हा जिवाणूही आईकडूनच संततीत जातो. तो समूहात पसरतो तेव्हा त्याच्याबरोबर आलेला मायटोकॉन्ड्रियाचा प्रकारही पसरतो, आणि मग बारकोड जातींचा नव्हे, तर संसर्गाचा इतिहास सांगू लागतो. ३ टक्के ही काही सर्वत्र लागू पडणारी सीमारेषा नाही. त्याच १२ नमुन्यांतील केंद्रकीय डीएनएचे (पेशीच्या केंद्रकातील, आई-वडील दोघांकडून येणाऱ्या डीएनएचे) किमान दोन भाग तपासावेत आणि वोल्बाकियाची चाचणी करावी. केंद्रकीय डीएनएही त्याच दोन गटांत विभागला गेला आणि ते पतंग एकाच ठिकाणी, एकाच काळात उडत असले, तर त्यांच्यात संकर होत नसल्याचा तो फार मोलाचा पुरावा ठरेल.

तिसरे उत्तर

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अळ्या. अ‍ॅस्ट्राप्टेस फुलगरेटर या फुलपाखरात दहा जाती दडल्या असल्याचे २००४ मध्ये बारकोडच्या आधारे मांडले गेले, परंतु त्या मांडणीला खरे बळ दिले ते कोस्टा रिकात वर्षानुवर्षे अळ्या पाळून ठेवलेल्या नोंदींनी: अळ्यांचे रंग वेगळे, खाद्यवनस्पतीही वेगळ्या. तरीही दहा या आकड्यावर नंतर आक्षेप घेतले गेले. शक्य असेल तर एका मादीची अंडी घेऊन पिढी वाढवा. एकाच मादीच्या संततीत पट्टा असलेले आणि नसलेले असे दोन्ही पतंग निघाले, तर पट्ट्याचा प्रश्न तेथेच मिटेल.

उलट बाजूची चूकही तितकीच खरी आहे. लिटोरिना सॅक्साटिलिस या सागरी गोगलगायीचा शंख लाटांच्या माऱ्यानुसार आणि खेकड्यांच्या उपद्रवानुसार इतका बदलतो की तिला शंभराहून अधिक वेळा नवनवी नावे दिली गेली. मात्र तिच्याशी अगदी मिळतीजुळती दिसणारी लिटोरिना आर्काना खरोखरच वेगळी आहे, कारण ती अंडी घालते आणि सॅक्साटिलिसची मादी पिले शरीरातच वाढवते. शंख पाहून हे कळले नसते.

शब्दांविषयी एक विनंती: मराठी विश्वकोशात ‘जाती’ हा शब्द लिनेयसच्या द्विनाम पद्धतीतील (जीवाला दोन पदांचे शास्त्रीय नाव देण्याच्या पद्धतीतील) दुसऱ्या पदाने सांगितल्या जाणाऱ्या पातळीसाठी (इंग्रजीत स्पीशीज), तर ‘प्रजाती’ हा शब्द पहिल्या पदाच्या पातळीसाठी (इंग्रजीत जीनस) आहे. आज पुष्कळ जण ‘प्रजाती’ नेमक्या उलट अर्थाने लिहितात, म्हणून नोंदवहीच्या आरंभी आपण कोणता अर्थ घेतला आहे हे एकदा लिहून ठेवावे.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. माझ्या चारही जोड्यांत नर आहेत, तेव्हा प्रथम तेच तपासतो. चिठ्ठीचा प्रश्न मात्र अजून उरतो.

तिसरे उत्तर, पुढे

चिठ्ठीवर केवळ प्रजातीचे नाव आणि पुढे ‘जाती अ’, ‘जाती आ’ असे लिहा. हे गट कोणत्या आधारावर पाडले तेही नोंदवा. बारकोड न काढलेल्या ५२ नमुन्यांना मात्र पट्ट्यावरून अ किंवा आ देऊ नका, त्यांच्यासाठी प्रजातीचेच नाव पुरेसे आहे. नवे नाव देण्याची घाई नको, कारण या दोन गटांपैकी एकाला किंवा दोघांनाही पूर्वीच नाव मिळालेले असू शकते आणि ते ठरवण्यासाठी जुने प्ररूप नमुने (ज्यांच्या आधारे जातीला प्रथम नाव दिले गेले ते नमुने) पाहावे लागतात. आधीचे नाव बदलले, तरी पहिली चिठ्ठी काढू नका. नवी चिठ्ठी तारखेसह तिच्याखाली टोचा.