बाजारभावाच्या संदेशांचा शेतकऱ्याला प्रत्यक्ष किती उपयोग झाला, हे कसे मोजावे?

शिवारसाथी (प्रश्न)

नमस्कार. आमची लहानशी संस्था नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकांना दोन वर्षांपासून रोज सकाळी जवळच्या बाजार समित्यांमधील आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर मोबाइलवर पाठवते. निधी देणाऱ्यांनी आता परिणामाचा अहवाल मागितला आहे. नोंदणी किती झाली आणि संदेश किती पोहोचले, याचे आकडे आमच्याकडे आहेत. नोंदणीपूर्वी आणि नंतर शेतकऱ्यांना मिळालेले दरही आहेत, आणि ते वाढलेले दिसतात. परंतु त्या काळात एकंदर बाजारच चढा होता, त्यामुळे ती वाढ आमच्या नावावर लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मग मोजायचे काय आणि कसे?

आकडेमोड

आपली शंका रास्त आहे. 'आधी आणि नंतर' एवढ्या तुलनेत पाऊस, निर्यातीचे निर्णय, आवक हे सगळे मिसळलेले असते. सेवा मिळाली नसती तर याच शेतकऱ्याचे काय झाले असते, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सेवा न मिळालेल्या तशाच शेतकऱ्यांकडे पाहिल्याशिवाय मिळत नाही.

केरळच्या उत्तर किनाऱ्यावरील तारली मच्छीमारांचा रॉबर्ट जेन्सन यांनी केलेला आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात नेहमी पुढे केला जातो. मोबाइल येण्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून द्यावी लागे आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या बंदरावरून व्यापारी रिकाम्या हाताने परत जात. 1997 ते 2001 या काळात मोबाइल सेवा एकेका भागात टप्प्याटप्प्याने पोहोचली, म्हणून जिथे ती अजून आली नव्हती तो किनारा आपोआप तुलनेसाठी उपलब्ध झाला. मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला पडणारा दर 4 टक्क्यांनी उतरला आणि मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले.

मात्र हा निकाल आपल्याकडे तसाच लागू होईल, असे धरून चालू नका. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील 100 गावांमध्ये बाजारभाव व हवामानाची माहिती मोबाइलवर पाठवणाऱ्या रॉयटर्स मार्केट लाइट या संदेशसेवेची पाहणी केली. तिचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. शेतकऱ्यांना मिळालेल्या दरावर, किंवा वादळी पावसाने होणाऱ्या नुकसानीवर, या सेवेचा सरासरी परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीवर दिसून आला नाही. माझ्या मते, समुद्रातली होडी दुसऱ्या बंदराकडे वळवण्याइतके सोपे आपल्याकडे भरलेली ट्रॉली दुसऱ्या बाजाराकडे वळवणे नसते.

गोदाकाठ

मी कांदा उत्पादक कुटुंबातली आहे आणि वरच्या शेवटच्या वाक्याशी पूर्णपणे सहमत आहे. वडिलांच्या मोबाइलवर असे संदेश येतात व वडील ते मन लावून वाचतात. पण माल कुठे न्यायचा, हे ट्रॅक्टरचे भाडे, हंगामात कोणाकडून उचल घेतली आहे आणि त्या दिवशी मजूर मिळतात की नाही, यावर ठरते. दुसरे असे की, संदेशातला सर्वसाधारण दर म्हणजे आमच्या कांद्याचा दर नव्हे. गोल्टी (बारीक कांदा) निघाली किंवा चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर कोठारात, कांद्याला मोड आले, तर लिलावात बोली खालीच लागते. त्यामुळे 'तुम्हाला काय भाव मिळाला?' असे तोंडी विचारू नका; विक्रीची पट्टी (व्यापाऱ्याने दिलेली हिशेबाची पावती) पाहा, कांद्याचा दर्जा लिहून घ्या आणि हमाली, तोलाई व वाहतूक वजा जाता हातात पडलेली क्विंटलमागची रक्कम मोजा.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संदेशांचा आम्हाला खरा उपयोग झाला तो बाजार निवडताना नव्हे, तर चाळ कधी फोडायची हे ठरवताना. तुम्ही फक्त दर मोजलात, तर हा उपयोग तुमच्या आकड्यांत नीट दिसणारच नाही. विक्रीची तारीख आणि चाळीतली सडही नोंदवा.

शिवारसाथी

दोघांचेही आभार. विक्रीच्या तारखेचा विचार आम्ही केलाच नव्हता. एक अडचण मात्र उरते: केवळ तुलनेसाठी काही शेतकऱ्यांना सेवा नाकारणे मनाला पटत नाही.

आकडेमोड

नाकारू नका, क्रम लावा. पुढच्या हंगामात ज्या नव्या गावांत जायचे आहे त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या ग्रामस्थांसमोर टाका. अर्ध्या गावांना या उन्हाळ कांद्याला सेवा द्या आणि उरलेल्यांना पुढच्या वर्षी. तुमची ताकद एकाच वेळी सगळीकडे पोहोचण्याइतकी नसेल, तर यात कोणावर अन्याय होत नाही. चिठ्ठी गावाची काढा, माणसाची नको. कारण एकाच्या मोबाइलवर आलेला दर पारावर दहा जणांना कळतो आणि सेवा असलेले व नसलेले यांतला फरक पुसला जातो. मात्र मग तुमच्या निष्कर्षाचे बळ मुख्यतः गावांच्या संख्येवर ठरेल. चार गावांतून शेकडो शेतकरी घेतले तरी ते पुरणार नाही. पट्ट्या दोन्ही गटांतून सारख्याच पद्धतीने आणि त्याच आठवड्यांत गोळा करा, आणि कांदा चाळीत भरण्यापूर्वीच एक पायाभूत पाहणी, म्हणजे सेवा सुरू होण्याआधीच्या स्थितीची नोंद, दोन्ही गटांत उरकून घ्या.

गोदाकाठ

त्या पाहणीत घरातला मोबाइल दिवसा कोणाकडे असतो, हेही विचारा. आमच्याकडे कांदा निवडण्याचे काम आई आणि काकू करतात, पण संदेश त्यांच्यापर्यंत संध्याकाळीच पोहोचतो.