पहिली कादंबरी स्वतःच छापायची आहे: प्रती किती, किंमत किती, आधी काय करायचं?

पहिला_खर्डा
नमस्कार मंडळी. कादंबरी तयार आहे, साधारण ६० हजार शब्द. अर्धी श्रीलिपी या जुन्या टंकपद्धतीत टंकलेली, अर्धी युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत. दोन प्रकाशकांकडे पाठवली आहे, उत्तर नाही. "पुस्तक आम्ही काढतो, पैसे तुम्ही द्या" असं एक पॅकेजही समोर आहे, पण त्यापेक्षा स्वतःच प्रकाशक व्हावं असं वाटतंय. नारायण पेठेतल्या एका छापखान्याने सांगितलं की ३०० प्रती काढल्या तर प्रत ९५ रुपयांना पडेल, १००० काढल्या तर ६० ला. मग १००० च काढाव्यात ना? किंमत ३०० ठेवली तर चालेल? वितरकाला किती टक्के द्यावे लागतात? आणि हे सगळं कुठल्या क्रमाने करायचं? पुण्यातच राहते, त्यामुळे पेठांमधली धावपळ जमेल.

गल्ल्यावरून
ताई, ६० चा आकडा विसरा. प्रत कितीला पडली यापेक्षा खिशातून एकूण किती गेले आणि त्यातले परत किती येणार, हे बघा.

संपादन, मुद्रितशोधन (छपाईआधी चुका शोधणं), अक्षरजुळणी (मजकुराची पानं लावणं), मुखपृष्ठ यांचा खर्च ४०,००० धरू. हा आकडा निव्वळ हिशेबासाठी आहे. तुमची कोटेशनं आली की ती घाला. ३०० प्रतींची छपाई २८,५००. एकूण ६८,५००. १००० प्रतींची छपाई ६०,०००, एकूण १,००,०००.

आता ३०० रुपये किमतीचं पुस्तक तुम्ही स्वतः २० टक्के सवलतीत विकलंत तर हातात २४०. पहिल्या पर्यायात २८६ प्रती विकल्यावर मुद्दल सुटतं, दुसऱ्यात ४१७. वितरकामार्फत गेलात तर सवलत ४० ते ५० टक्के. ५० धरली तर हातात १५०, आणि मग ३०० च्या ३०० प्रती खपल्या तरी ४५,००० च येतात, म्हणजे साडेतेवीस हजारांचा खड्डा. १००० प्रतींमध्ये वितरकाच्या वाटेने मुद्दल सुटायला ६६७ प्रती खपाव्या लागतात.

समजा दोन्ही वेळा तुमच्या हातून ३०० च प्रती गेल्या. छोट्या आवृत्तीत ३,५०० रुपये वर राहतात. मोठ्या आवृत्तीत २८,००० अडकतात, वर ७०० प्रती दिवाणाखाली. त्यांचं वजन दोनशे किलोच्या आसपास भरतं. पुण्याच्या पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या गठ्ठ्यांचं काय होतं, ते पाहिलं की ६० रुपयांचा मोह जातो.

म्हणून प्रतींचा आकडा आपल्या यादीवरून काढा. फोन केल्यावर नक्की विकत घेतील (भेट मागणार नाहीत!) अशी नावं लिहा. २०० भरली तर ३०० छापा. त्यातल्या पंचवीस-तीस प्रती अभिप्राय, पुरस्कार आणि ग्रंथालयांत फुकटच जातात, हे धरून चाला. तेवढ्याने मुद्दल सुटत नसेल तर प्रती वाढवू नका. किंमत ३२०-३३० करा, नाहीतर वरच्या ४०,००० पैकी कशाला कात्री लागते ते बघा. संपादनाला मात्र लावू नका.

दुकानांबद्दल: अप्पा बळवंत चौक, बाजीराव रस्ता, डेक्कन, इथली दुकानं नव्या लेखकाचं पुस्तक विक्रीनंतर पैसे या अटीवर ठेवून घेतात. पाचपेक्षा जास्त प्रती देऊ नका. प्रती दिल्याची पावती, म्हणजे चलन, दोन प्रतीत करा: पुस्तकाचं नाव, छापील किंमत, सवलतीचे टक्के, प्रती, तारीख, आणि दुकानाचा शिक्का घ्या. तीन महिन्यांनी चलन घेऊन हिशेबाला जा. चलन नसेल तर तीन महिन्यांनी काउंटरवरचा माणूस बदललेला असतो आणि तुमच्या पाच प्रती कुणालाच आठवत नाहीत. हाताळून मळलेली प्रत परत येणार, हेही गृहीत धरा.

खिळेजुळारी
वरचा हिशेब बरोबर आहे. मी फक्त पुस्तकाच्या अंगाबद्दल लिहितो.

डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, कादंबरीला ठीक. पुस्तक १६ पानांच्या फॉर्म्यात, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या गठ्ठ्यात छापतात, त्यामुळे पृष्ठसंख्या १६ च्या पटीत बसवायची. मजकूर २३० पानांत संपला तरी छपाई २४० चीच होते आणि मागे दहा कोरी पानं राहतात.

तुमच्या ६० हजार शब्दांचं गणित असं. साडेबारा पॉइंट अक्षर, पानात २९ ओळी, तर पानाला साधारण २७० शब्द. मजकुराची २२२ पानं, प्रकरणांच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा आणि सुरुवातीची पानं मिळून चौदा. झाली २३६, म्हणजे १५ फॉर्मे. अक्षर १२ पॉइंट करून ३१ ओळी बसवल्या तर एकूण २२२ च्या आसपास येतात आणि काम १४ फॉर्म्यांत होतं. त्याहून दाटी नको. देवनागरीत वर मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. सात इंच उंचीच्या मजकुरात ३१ ओळी म्हणजे ओळीला जेमतेम सोळा पॉइंट. यापुढे गेलात तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला चिकटतो.

हा एक फॉर्मा टपालातही भोवतो. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर २४० पानांची प्रत मुखपृष्ठासकट साधारण २७५ ग्रॅम भरते, २२४ पानांची २५८. टपाल खात्याने मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलं आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये अधिक कर, पाच किलोपर्यंत १०० रुपये. पुठ्ठ्याचं पाकीट पंचवीस ग्रॅमचं धरलं तर २४० पानी पुस्तक काठावर जातं, २२४ पानी आरामात बसतं. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिराती नकोत, एवढं पाळा.

कागद नॅचरल शेड मॅपलिथो, म्हणजे छपाईचा किंचित पिवळसर कागद घ्या. पांढराशुभ्र कागद कादंबरीला डोळ्यांवर येतो. कोटेशनमध्ये किती रिम (रिम म्हणजे ५०० शीट) धरले ते लिहून मागा. २३ बाय ३६ इंचाच्या एका शीटमधून डेमीची ३२ पानं निघतात. २२४ पानांना प्रतीमागे ७ शीट, ३०० प्रतींना २१०० शीट, म्हणजे सव्वाचार रिम, वर थोडी नासाडी. ७० जीएसएमचा असा रिम १८.७ किलोचा असतो. कुणी ६० चा कागद घालून ७० चा भाव लावला तर वजनात लगेच कळतं. कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा, नाहीतर पावसाळ्यात पानं लाटांसारखी वळतात आणि पुस्तक धड उघडत नाही.

३०० प्रतींना डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटचा प्लेट लावण्याचा खर्च प्रती वाढल्यावर वसूल होतो; ५०० च्या पुढे त्याचं कोटेशन मागवा. डिजिटलवाल्याकडून आधी एक पूर्ण बांधलेली प्रत घ्या, ती मधोमध १८० अंशांत उघडा, पानं ओढून बघा. नुसत्या गरम गमाच्या बांधणीत कणा नीट खरवडला नसेल तर मधली पानं सुटतात. पाचशेच्या वर ऑफसेट असेल तर फॉर्मे शिवून मग गम, हेच मागा.

मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. कण्याची जाडी अंदाजाने देऊ नका. २२४ पानांचे ११२ कागद गुणिले सुमारे ०.१ मि.मी. म्हणजे अकरा मि.मी.च्या आसपास येते, पण त्याच कागदाची कोरी डमी मोजल्यावरच मुखपृष्ठकाराला आकडा सांगा. दोन मि.मी. चुकलं की कण्यावरचं नाव मलपृष्ठावर घसरतं. चारी बाजूंना ३ मि.मी. कापणीची सोय ठेवा. आतला मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांतलं काळं गेलं तर बारीक अक्षर धूसर येतं.

वेलांटी
क्रम विचारलाय तर तेवढंच सांगते. संपादन, लेखिकेचे बदल, वर्डमध्येच पहिलं मुद्रितशोधन, मग अक्षरजुळणी, कागदावर दुसरं वाचन, दुरुस्त्या झाल्या का याची तपासणी, आणि मग छपाईची पीडीएफ. पानं लागल्यावर "हे प्रकरण जरा बदलते" म्हणालात की पानं सरकतात, फॉर्मा मोडतो आणि अक्षरजुळणीचे पैसे पुन्हा. एक परिच्छेद दुरुस्त केला तरी त्याच्या खालच्या सगळ्या ओळी परत वाचाव्या लागतात, फक्त खूण केलेली ओळ नाही.

त्याआधी श्रीलिपीतला अर्धा भाग युनिकोडमध्ये आणा. परिवर्तक (हे रूपांतर करणारं सॉफ्टवेअर) ९५ टक्के काम नीट करतो आणि उरलेल्या पाचात घात करतो. ठरलेली ठिकाणं आहेत: रफार, पहिली वेलांटी, द्य-द्व-श्र, अवतरणचिन्हं आणि 'ऱ्य'. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला तर शुद्धलेखन तपासनीस काही बोलणार नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. आणखी एक: 'ॲ' हे अक्षर एकसंधही टंकता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. दिसायला सारखं, पण शोध घेताना संगणक त्यांना वेगळं धरतो. एकच रूप ठरवून सगळीकडे बदला, मगच बाकीची शोधाशोध.

मुद्रितशोधकाला एक पानाचं शैलीपत्रक द्या. निवेदनात 'केले' की 'केलं', संवादात काय, पात्रांच्या नावांची ऱ्हस्व-दीर्घ रूपं, आकडे अंकी की अक्षरी, बोलीतले कुठले शब्द मुद्दाम तसे ठेवलेत. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम, त्यांत १९७२ ची भर, हे शोधकाला पाठ असतात. पण तुमच्या म्हातारीने 'न्हाई' म्हणायचं की 'नाय', हे नियमांत नाही. ते सांगितलं नाही तर चांगला शोधक इमानेइतबारे 'नाही' करून ठेवतो आणि संवाद मरतो.

टंक निवडताना मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' आहे का ते पाहा. टिरो देवनागरी मराठी, यशोमुद्रा हे मोफत आहेत आणि कादंबरीला चांगले दिसतात. अक्षरजुळणी करणाऱ्याकडे अजून पेजमेकर (युनिकोड न चालणारं जुनं सॉफ्टवेअर) असेल तर युनिकोडचं नाव काढू नका; दुसरीकडे जा.

पहिला_खर्डा
खूप आभार. ३०० वर आले! दोन शंका: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, आणि बाकी सरकारी सोपस्कार काय? आणि कादंबरीची पहिली आठ प्रकरणं एका मोफत वाचन ॲपवर आहेत, तर किंडलला अडचण येते का? ते पॅकेजवाले म्हणतात, हे सगळं आम्ही बघतो.

शिक्कामोर्तब
आयएसबीएन मोफत आहे. राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः लेखक-प्रकाशक म्हणून अर्ज करता येतो. छपाईच्या आठवड्यात धावू नका, मुखपृष्ठाचं काम सुरू झालं की लगेच करा, कारण बारकोड मलपृष्ठावर जायचा आहे. छापील प्रतीचा आणि ई-पुस्तकाचा क्रमांक वेगळा.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच आहे. नोंदणी ऐच्छिक आहे, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला एक प्रत स्वखर्चाने पाठवायची, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. दंड फार तर ५० रुपये आणि पुस्तकाची किंमत, म्हणून बरेच जण टाळतात. तुम्ही टाळू नका, चार प्रतींचा प्रश्न आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य. तुम्ही फक्त तीच विकणार असाल तर नोंदणीही लागत नाही.

पॅकेजच्या करारात चार गोष्टी शोधा. आयएसबीएन कुणाच्या नावावर. मांडणीची उघडी फाइल तुम्हाला मिळणार का (नुसती पीडीएफ मिळाली तर पुढच्या आवृत्तीत स्वल्पविरामही बदलता येत नाही). छापलेल्या प्रतींचा छापखान्याचा हिशेब दाखवणार का. आणि ऑडिओ, चित्रपट, भाषांतराचे हक्क कुठल्या कलमात गुपचूप सरकवलेत का. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणूनच अशा करारांत "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे शब्द आवर्जून असतात. ते खोडून घ्या.

किंडल: मराठी ई-पुस्तक चालतं, पण मजकूर युनिकोडच हवा, श्रीलिपीतला भाग तिथे रोमन कचरा दिसतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं तर केडीपी सिलेक्ट या किंडलच्याच योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठेच नको, मोफतसुद्धा नाही. नमुना म्हणून १० टक्क्यांपर्यंत चालतो. तुमची आठ प्रकरणं त्यात बसत नसतील. आधी ती काढा, शोधात दिसत नाहीत याची खात्री करा, मग नाव नोंदवा. छापील पुस्तकाला ही अट लागू नाही.

गल्ल्यावरून
एक राहिलं. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव असतो म्हणून घाईघाईने डिसेंबरात पुस्तक काढणारे बरेच असतात. राज्य वाङ्मय पुरस्कारांना प्रथमावृत्तीचं कॅलेंडर वर्ष धरतात. डिसेंबरात छापलंत तर कुणी वाचायच्या आत अर्जाची वेळ येते. मला विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढा: पावसाळा संपलेला असतो, कागद कोरडा मिळतो, आणि महोत्सवापर्यंत पहिल्या शंभर वाचकांचे अभिप्राय हातात येतात.

वेलांटी
ऑक्टोबर धरायचा तर दिवाळीपूर्वी अक्षरजुळणीवाले दिवाळी अंकांत बुडालेले असतात. संपादित मजकूर जूनअखेर त्यांच्या हातात द्या. त्यानंतर गेलात तर तुमची कादंबरी जाहिरातींच्या पानांमागे रांगेत लागेल.