कीड नुकतीच सुरू झालेल्या इनॅमलवर एचिंग करावे का?

प्रश्न (इंटर्न, बीडीएस):
नमस्कार. तारा लावण्यासाठी आलेल्या एका मुलीच्या वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग आहेत; दात वाळवला की ते अधिकच उठून दिसतात, मात्र खड्डा कुठेही पडलेला नाही. ब्रॅकेट (तार धरून ठेवणारे छोटे तुकडे) चिकटवण्याआधी आपण 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाची जेल साधारण 30 सेकंद लावतो, म्हणजेच एचिंग करतो. ज्या इनॅमलमधून (दाताच्या कठीण बाह्य आवरणातून) खनिजे आधीच निघून गेली आहेत, त्यावर पुन्हा आम्ल लावणे म्हणजे किडीचेच काम पुढे नेणे नव्हे का?

उत्तर 1 (ऑर्थोडॉन्टिस्ट):
आपली शंका रास्त आहे. अशा डागात खरी झीज पृष्ठभागाच्या खाली असते आणि तिच्यावर बहुधा 20 ते 50 मायक्रॉन जाडीचा, तुलनेने शाबूत असा थर उरलेला असतो. एचिंगने साधारण 10 मायक्रॉन इनॅमल जाते. म्हणजे हे छत सहसा कोसळत नाही, पण पातळ होते, त्याची छिद्रे मोकळी होतात आणि पुढच्या आम्लाला आत शिरणे सोपे जाते. निरोगी इनॅमलवर एचिंग झालेला मोकळा भाग लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेटमुळे बराच सावरतो. ब्रॅकेटभोवती, जिथे प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचतोच, तिथे डागावर तो भरवसा मी ठेवणार नाही. म्हणून जेल ब्रॅकेटच्या तळापुरतीच लावावी आणि ती हिरडीकडे ओघळू देऊ नये. डाग निस्तेज व खरखरीत, म्हणजे सक्रिय असतील, तर आधी ब्रशिंग आणि फ्लोराइड. तारांची घाई नको.

उत्तर 2 (कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री):
एक भर घालतो. रेझिन इन्फिल्ट्रेशनमध्ये (डागाच्या छिद्रांत रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य, भरण्याच्या उपचारात) हाच वरचा थर आपण मुद्दाम काढतो आणि तिथे फॉस्फोरिक आम्ल अपुरे पडते, म्हणून 15 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल 2 मिनिटे वापरतात. त्यानंतर इथेनॉलने वाळवून आत पातळ रेझिन झिरपू देतात. निरोगी इनॅमलचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) सुमारे 1.62, पाण्याचा 1.33 आणि हवेचा 1.00; या फरकामुळे छिद्रांत हवा किंवा पाणी असताना डाग पांढरा दिसतो, 1.52 च्या आसपासचे रेझिन भरले की तो पुष्कळसा मावळतो. आम्लाने दार उघडले की ते रेझिनने बंद झालेच पाहिजे. एचिंग करून डाग तसाच उघडा सोडणे मला मुळीच मान्य नाही.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. डाग खरखरीत आहेत, त्यामुळे ब्रॅकेट पुढे ढकलण्याविषयी उद्याच सरांशी बोलते.