हवेच्या पितळी स्टोव्हची सफाई: चमक कुठे द्यावी आणि कुठे देऊ नये?

प्रश्न (रामबाग, इंदूर)

नमस्कार. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजेसासूबाईंचा पंपाचा पितळी स्टोव्ह सापडला आहे. टाकी काळपट तपकिरी झाली असून बर्नर जिथे टाकीला जोडलेला आहे तिथे हिरवे जंगाल चढले आहे. पंपाचा दांडा जेमतेम हलतो. तो नुसता शोभेसाठी ठेवण्याची माझी इच्छा नाही. वर्षातून एकदोनदा अंगणात पेटवता यावा, असे मनापासून वाटते. बर्तन बाजारातल्या एका दुकानदाराने मशीनवर बफिंग करून आरशासारखा करून देतो, असे सांगितले आहे. धाकटे दीर म्हणतात की रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवावा, आणि शेजारच्या काकूंनी संडास धुण्याचे ॲसिड सुचवले आहे. यांतले काय करावे आणि काय टाळावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त टर्नर, परदेशीपुरा)

ताई, तिन्ही सल्ले आधी बाजूला ठेवा. स्वीडनमधल्या स्टॉकहोममध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट या कारागिराने 1892 च्या सुमारास ज्या पद्धतीचा स्टोव्ह बनवला, तीच रचना आपल्याकडच्या पंपाच्या स्टोव्हमध्ये आहे: हवेच्या दाबाने रॉकेल वर चढते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निप्पलच्या बारीक छिद्रातून बाहेर पडून निळी जळते. म्हणजे हे दाब धरणारे यंत्र आहे. त्यामुळे त्याचा कोणता भाग दिसण्यासाठी आहे आणि कोणता हवा अडवण्यासाठी, हे पाहूनच हात लावावा.

प्रथम हवेची चावी सैल करून आतला दाब पूर्ण जाऊ द्या आणि जुने रॉकेल उघड्यावर काढून घ्या. आटे जाम असतील तर जोडावर पातळ तेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबा. पकडीने पितळ थेट आवळू नका, कारण पितळ मऊ असते आणि पकडीच्या दातांचे व्रण पुढे कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. चामड्याची पट्टी गुंडाळून किंवा बरोबर मापाच्या पान्याने फिरवावे.

सुटे केलेले पितळी भाग गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. तेलाचा थर असताना आंबट पदार्थ नीट काम करत नाही आणि पितळ डागाडागाचे निघते. त्यानंतर टाकीच्या बाहेरच्या अंगावर चिंचेचा कोळ आणि थोडे मीठ घेऊन, एका वेळी तळहाताएवढा भागच बोटाने चोळा. काळा मळ निघू लागला की ओल्या कापडाने पुसा, पुन्हा चोळा. खालून पिवळा रंग दिसला की थांबा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करा. रात्रभर बुडवले तर आंबटाने पितळातले जस्त आधी निघून जाते आणि वरचा थर तांब्यासारखा गुलाबी, सच्छिद्र राहतो. तो गुलाबीपणा म्हणजे स्वच्छता नव्हे, धातूची झीज आहे. संडासाचे ॲसिड तर दारातही आणू नये. टाकीच्या आत पाणी, चिंच, साबण काहीही घालू नका. थोडे स्वच्छ रॉकेल घालून हलवावे आणि पांढऱ्या कापडातून गाळून पाहावे.

उत्तर (रसायनशास्त्राच्या शिक्षिका, सुदामा नगर)

वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र एक गोष्ट त्यात राहिली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बाजारातल्या अनेक द्रवरूप धातू-पॉलिशांमध्ये अमोनिया असतो. पितळाचा पत्रा दाबून टाकीचा आकार देताना त्यात जो ताण शिल्लक राहतो, त्यावर अमोनिया आणि दमट हवा यांचा एकत्र परिणाम होऊन पत्र्याला आपोआप बारीक भेगा पडू शकतात. ब्रिटिश सैन्याने भारतात साठवलेल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात अशाच भेगा पडत असत, आणि त्यामागे अमोनिया असल्याचे स्पष्टीकरण 1921 मध्ये मिळाले. बाहेरच्या गुळगुळीत भागावर पॉलिश लावून ते पूर्ण पुसून काढले तर सहसा काही बिघडत नाही. पण जोडाच्या खाचेत, पाय जिथे डाग देऊन (सोल्डर करून) बसवले आहेत त्या कोपऱ्यांत आणि आट्यांमध्ये ते साचू देऊ नये. तिथे पांढरी भुकटी वाळलेली दिसली तर मऊ ब्रशने आणि पाण्याने काढावी.

साफ झाल्यावर टाकीच्या तळाची कड भिंगातून सावकाश पाहा. केसासारखी रेघ दिसली आणि नखाला ती लागली, तर तो स्टोव्ह कितीही सुंदर असला तरी पेटवू नका.

उत्तर (जुने कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करणारा, नारायण बाग)

बफिंगला माझा ठाम विरोध आहे. चाकाच्या घर्षणाने टाकीवरचा कारखान्याचा ठसा आणि कडांची धार झिजते, आणि पत्रा नेमका जिथे आधीच पातळ झालेला असतो तिथेच आणखी पातळ होतो. शिवाय डाग दिलेले सांधे बहुधा कथील-शिशाचे असतात. ते मिश्रण साधारण 183 अंश सेल्सिअसला वितळू लागते, म्हणून सफाईसाठी टाकीला ज्योतही दाखवू नये.

निप्पल, बर्नरचे आटे आणि जिथे धातू धातूला टेकून हवा अडवतो त्या कडा फक्त स्वच्छ करायच्या, चमकवायच्या नाहीत. तिथे पॉलिश पेपर फिरवला की कड गोल होते आणि वाफ गळू लागते. निप्पलला योग्य मापाचीच पिन मारावी. जाड तार घुसवून छिद्र मोठे झाले की ज्योत निळी न राहता पिवळी, काजळी धरणारी होते, आणि मग निप्पल बदलण्यावाचून उपाय नसतो.

पंपाचा दांडा जड चालतो तो बहुधा चामडी वॉशर वाळल्यामुळे. ते काढून गोडेतेलात भिजवा, बोटांनी मळा आणि वाटीसारखे पसरवून बसवा. पंपाच्या तळाशी एकमार्गी झडप असते. हवा भरून हात सोडल्यावर दांडा आपोआप वर येऊ लागला तर ती झडप गळते आहे, आणि ती बदलल्याशिवाय काडी ओढू नये. बर्नर तापवण्याचा जुना काकडा सोबत असेल तर त्यात ॲस्बेस्टॉसची दोरी असू शकते. तो घासू किंवा पिंजू नका, नवा घ्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भिंगातून पाहिले, रेघ दिसली नाही. चमक टिकावी म्हणून वरून लॅकर (पारदर्शक वार्निश) मारावे का?

उत्तर (निवृत्त टर्नर, परदेशीपुरा)

पेटवायचा असेल तर लॅकर नको; बर्नरजवळ ते तापून पिवळे पडते आणि सोलून निघते. टाकीच्या खालच्या अंगावर मेणाचे पातळ पॉलिश पुरे आहे. आधी रॉकेल न घालता थोडी हवा भरा आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहा. एकही बुडबुडा आला नाही तरच अंगणात, वाळूची बादली जवळ ठेवून, अर्ध्या टाकीवर पेटवा. विझवल्यावर चावी उघडून दाब सोडा आणि थंड झाल्यावर उरलेले रॉकेल काढून ठेवा.