पॉपीचे बी उगवते, पण रोपे मरतात: कोठे चुकते आहे?

वाफेकरी, नाशिक

नमस्कार. आमच्या घरामागे दहा फूट लांबीचा, दिवसभर ऊन लागणारा एक वाफा आहे. त्यात तांबड्या पॉपीची फुले पाहण्याची इच्छा दोन वर्षे अपुरीच राहिली आहे. पहिल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर लगेच ट्रेमध्ये अर्धा इंच खोल बी पेरले. त्यातले एकही उगवले नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास कोकोपीटवर बी नुसते भुरभुरले, तेव्हा नवव्या दिवशी शेवाळासारखी हिरवी लव दिसली. परंतु त्यातली निम्मी रोपे बुंध्याशी बारीक होऊन कोलमडली आणि उरलेली मी चार पानांवर वाफ्यात हलवली, ती आठवड्याभरात सुकून गेली. या वर्षी पाकिटाचा खर्च टाळून स्वयंपाकघरातलीच खसखस पेरावी, कारण तीही पॉपीच आहे, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

कुंडीकर, पुणे

आधी खसखशीविषयी लिहितो, कारण तिथे चूक झाली तर ती रोप मरण्यापुरती राहणार नाही. सासूबाईंचे म्हणणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. अनारसे ज्या खसखशीवर थापतो ती अफूच्या झाडाचीच बी असते, आणि ती भाजलेली नसेल तर उगवूही शकते. मात्र अफूची लागवड 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. परवाना केवळ केंद्र सरकार देते आणि तोही मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतल्या शेतकऱ्यांना. खसखस विकत घेणे वा खाणे यात काहीच गैर नाही, परंतु परसात शोभेसाठी चार झाडे लावली होती, ही सबब चालत नाही आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत होऊ शकते.

बियांचे पाकीट घेतानाही त्यावरचे शास्त्रीय नाव वाचावे. पापाव्हर ऱ्हीआस म्हणजे शर्ली पॉपी, पापाव्हर न्यूडिकॉल म्हणजे आइसलँड पॉपी, आणि एश्शोल्झिया म्हणजे कॅलिफोर्निया पॉपी; यांपैकी काहीही लावा. पापाव्हर सोम्निफेरम असे लिहिले असेल, तर ते ‘पिओनी पॉपी’ अशा गोंडस नावाने विकले जात असले तरी अफूच आहे. झाड उगवल्यावरही फरक कळतो. शर्लीची पाने कातरलेली आणि देठ केसाळ असतो, तर अफूची पाने निळसर राखी, गुळगुळीत आणि खोडाला मिठी मारून बसलेली असतात.

आता तुमच्या रोपांकडे वळतो. शर्लीचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे भरतात. अर्धा इंच मातीखालून वर येण्याइतका शिधाच त्या दाण्यात नसतो, शिवाय उगवायला त्याला उजेडही लागतो. सप्टेंबरातली जमीनही त्याला गरम पडते. नाशिकला रात्रीची थंडी जाणवू लागली की, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पेरणी करावी. चिमूटभर बी वाटीभर कोरड्या बारीक वाळूत मिसळावे, ओल्या केलेल्या वाफ्यावर ते मिश्रण भुरभुरावे आणि तळहाताने नुसते दाबावे. वर माती मुळीच टाकू नये. वाळू पांढरट असल्यामुळे कोठे पडले, कोठे राहिले तेही दिसते.

दुसऱ्या वर्षी तुमच्या रोपांना आधी मर, म्हणजे बुंध्याशी रोप कुजवणारा बुरशीचा रोग, लागली आणि मग स्थलांतराचा धक्का बसला. झारीचे पाणी रोज वरून पडले की बुरशीला आयते निमित्त मिळते. म्हणून पहिले दोन आठवडे सकाळी बारीक फवारा मारावा आणि नंतर वाफ्याच्या कडेने पाणी सोडावे. पॉपीला सोटमूळ असते. ते एकदा दुखावले की सावरत नाही, त्यामुळे जिथे फुलवायची तिथेच पेरावी.

परसदार, इंग्लंड

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत आहे. इकडे ही फुले धान्याच्या शेतात तण म्हणून उगवतात. जमिनीत गाडले गेलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते आणि माती उकरली गेली की उजेड मिळून अंकुरते. पहिल्या महायुद्धात तोफांनी उलथलेल्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या रणभूमीच्या मातीत तांबडी फुले फुलली ती यामुळेच. शर्ली पॉपीचा जन्मही अशाच एका रानटी फुलातून झाला. 1880 च्या सुमारास शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना पाकळ्यांना पांढरी कड असलेले एक फूल दिसले आणि त्याच्या बियांपासून त्यांनी वर्षानुवर्षे निवड केली.

विरळणी मात्र निर्दयपणे करावी. दोन रोपांत वीत-दीड वीत अंतर ठेवावे आणि जादा रोपे उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत, म्हणजे शेजाऱ्याचे मूळ हलत नाही. शेणखत भरपूर घालण्याचा मोहही टाळावा. माती फार कसदार झाली की पानेच माजतात आणि झाडे आडवी होतात.

वाफेकरी, नाशिक

उभयतांचे आभार. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितल्याप्रमाणे पेरणी केली, विरळणी केली आणि आज जानेवारीअखेर साठ-सत्तर रोपे उभी आहेत. मात्र कालपासून जवळजवळ सर्व कळ्यांनी माना खाली टाकल्या आहेत, देठ आकड्यासारखे वाकले आहेत. पाणी कमी पडले की पुन्हा मरच लागली?

कुंडीकर, पुणे

पाने ताठ असतील तर काळजीचे कारण नाही आणि जादा पाणी तर मुळीच देऊ नये. पॉपीची कळी खाली मान घालूनच वाढते आणि उमलण्याच्या सुमारास देठ आपोआप सरळ होतो. मान वर केलेली कळी दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर वाफ्यापाशी जावे. केसाळ हिरवी दोन टरफले गळून पडतात आणि आतून मुठीत चुरगळलेल्या पतंगी कागदासारख्या चार पाकळ्या बाहेर येऊन उन्हात हळूहळू सपाट होतात. एक फूल दोन-तीन दिवसच टिकते, तेव्हा वाळलेली फुले खुडत राहावे. पुढच्या वर्षासाठी चार-पाच बोंडे मात्र राखावीत. ती तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळू लागली की कापून कागदी पिशवीत उलटी धरावीत, कारण टोपीखालच्या बारीक छिद्रांतून बी मिठाच्या डबीतून सांडावे तसे सांडते.